वळण कुणाला लावायचं?

वधूवर सूचीसाठी फोटो काढायचा होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, इंदरगंजातल्या माझ्या माहेरी त्या संध्याकाळी पाच-सहा बायका जमल्या होत्या आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं : फोटोआधी पोरीचे केस सरळ करून घ्यायचे. पोर म्हणजे माझी भाची, चोवीस वर्षांची, नोकरी करणारी. तिचे केस माझ्यासारखे आणि माझे माझ्या आजीसारखे. दाट, कुरळे, पावसाळी हवेत दुप्पट फुलणारे. पार्लरमध्ये दर विचारून झाला होता. तिथल्या बाईनं सांगितलं होतं, "स्मूदनिंग करा लो दीदी, मैनेज हो जाएँगे." तारीखही जवळजवळ ठरली होती. सगळं झाल्यावर भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, तुला काय वाटतं?"

त्या खोलीत ही गोष्ट कुणी विचारली ती तेव्हा, पहिल्यांदाच. तोवर घरच्यांच्या दृष्टीनं ठरवण्यासारखं काही नव्हतंच, फक्त दुरुस्ती करायची होती. नळ गळायला लागला की प्लंबर बोलवायचा, केस कुरळे निघाले की पार्लर गाठायचं. कुरळेपणा हा दोष आहे, हे सगळ्यांनी आधीच धरलेलं होतं. उरला होता तो उपाय, खर्च आणि मुहूर्त. माझं भांडण या धरून चालण्याशी आहे. लष्करातल्या मराठी घरांमध्ये मी ते लहानपणापासून ऐकत आले, आणि पुण्याच्या, इंदूरच्या, नागपूरच्या नातेवाइकांकडेही तेच ऐकलं. आता गप्प बसायची माझी तयारी नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. म्हणणं असं : सरळ केस नीटनेटके दिसतात, कुरळे केस विंचरले तरी विंचरल्यासारखे वाटत नाहीत. सरळ केस सांभाळायला सोपे, वेळ वाचतो. हल्लीची औषधं पूर्वीसारखी नाहीत. केराटिन म्हणजे शेवटी प्रोटीनच, त्यानं काय होणार? एकदा करून टाकलं की कटकट मिटते. लग्नाचा, मुलाखतीचा प्रश्न आहे, तेवढ्यापुरतं तरी करावं. आणि सगळ्यांत शेवटचं, सगळ्यांत जड अस्त्र : तिचे केस, तिची मर्जी, मुलगीच हो म्हणते आहे तर मध्ये पडणाऱ्या तुम्ही कोण?

एकेक घेते.

पहिलं, नीटनेटकेपणा. आपल्या भाषेत 'सरळ' म्हणजे चांगला आणि 'वाकडा' म्हणजे वाईट, हे खरं. पण त्याच भाषेत 'वळण' हा शब्द आहे, आणि तो कौतुकाचा आहे. अक्षर वळणदार असलं की गुरुजी पाठ थोपटायचे. घरातलं मूल शहाणं निघालं की चांगलं वळण लागलं म्हणतात. ज्या लष्करात आम्ही राहतो ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून, 1810 च्या सुमाराला वसलं. त्या दरबाराचा मराठी कारभार मोडी लिपीत चालायचा. मोडी म्हणजे तर वळणांचीच लिपी, हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारी. त्या कागदांकडे बघून कुणी अव्यवस्थित म्हणालं नाही. वाचता येत नसेल तर माणसं मोडी शिकायची. अक्षरं ताणून सरळ करा असं कुणी सांगितलं नाही. मग मुलीच्या डोक्यावरचं वळण तेवढं गबाळं कसं ठरलं?

आपल्याच परंपरेला विचारा. लष्करातून मान वर केली की किल्ला दिसतो. त्याच्या कड्यात तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. तीर्थंकरांच्या डोक्यावर लहान लहान वळ्यांचे कुरळे केस कोरायचे ही भारतीय शिल्पाची जुनी रीत, बुद्धमूर्तींनाही तीच. ज्याला पूर्ण शांत, पूर्ण सावरलेला मनुष्य म्हणून दाखवायचं, त्याच्या डोक्यावर शिल्पकारानं कुरळे केस दिले. संस्कृत कवींनी नायिकेच्या कुटिल कुंतलांचं कौतुक केलं. आपण गोकुळाष्टमीला ज्या बाळकृष्णाला पाळण्यात घालतो त्याच्या कपाळावर कुरळ्या बटा रंगवतो. हा सगळा वारसा गबाळा म्हणायचा का?

बाळकृष्ण कशाला, घरातलंच बाळ घ्या. कुरळं जावळ घेऊन मूल जन्मलं की सगळं घर त्याच्या डोक्यावरून हात फिरवतं, "अगदी कृष्णासारखं जावळ" म्हणतं. माझ्या भाचीचंही असंच कौतुक झालं होतं, मी तिथे होते. मग ती बारा-तेरा वर्षांची झाली आणि त्याच केसांना त्याच माणसांनी नावं ठेवायला सुरुवात केली : झिपऱ्या, पिंजारा, घरटं, अवतार. केस बदलले नव्हते. बदललं होतं ते मुलीचं वय, आणि तिला दाखवायला काढायचे दिवस जवळ आले होते. तिच्या भावाचे केसही असेच आहेत. त्याला पार्लरची तारीख कुणी सुचवली नाही. उस्ताद झाकीर हुसेन तबल्यावर रंगात आले की कपाळावर उसळणाऱ्या त्यांच्या कुरळ्या केसांवर सगळा देश फिदा होता. ते केस त्यांच्या कलेचाच भाग वाटायचे. पुरुषाच्या डोक्यावर तो कलावंताचा साज आणि बाईच्या डोक्यावर तो निष्काळजीपणा, हा निवाडा केसांवरून दिला जात नाही. तो बाईवर दिला जातो.

सरळ म्हणजेच नीटनेटकं ही समजूत फार जुनीही नाही. 1980 च्या दशकात आपल्याच शहरांतल्या बायका सरळ केसांना कुरळं करून घेण्यासाठी पार्लरमध्ये तासन् तास बसत होत्या. त्याला पर्मिंग म्हणत. त्यासाठी वापरलं जाणारं मुख्य रसायन होतं अमोनियम थायोग्लायकोलेट. आज केस कायमचे सरळ करणाऱ्या रिबाँडिंगला मुख्यत्वे हेच रसायन लागतं. तेव्हा केस रिळांवर गुंडाळायचे, आता तापलेल्या पट्टीत दाबून ताणायचे, एवढाच फरक. चाळीस वर्षांत सौंदर्याची दिशा उलटी झाली. रसायन आणि बिल तेवढं तेच राहिलं. जे मत एका पिढीत उलटं फिरतं त्याच्यापायी मुलीनं स्वतःचा जन्मजात केस कायमचा दोषी का मानावा?

आणि सरळ केसांची ही सक्ती कुठून येते तेही एकदा बघायला हवं. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत एखाद्या माणसाला कुठल्या वंशात नोंदवायचं हे ठरवताना त्याच्या केसांत पेन्सिल खोचून बघत. पेन्सिल घसरून पडली तर तो गोऱ्यांच्या जवळचा, अडकली तर नाही. एका पेन्सिलीवर माणसाची वस्ती, शाळा, लग्न अवलंबून राहायचं. अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या टाळू भाजून घेत केस सरळ केले, कारण त्याशिवाय नोकरी मिळणं अवघड होतं. शेवटी 2019 मध्ये कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला की नैसर्गिक केसांवरून कुणालाही नोकरीत किंवा शाळेत डावलता येणार नाही, आणि मग इतर राज्यं त्या वाटेनं गेली. इंदरगंजातल्या माझ्या वहिनीनं हा इतिहास वाचलेला नाही, तिच्या मनात कुणाबद्दल आकसही नाही. पण ती ज्या चवीला 'नीटनेटकं' म्हणते, ती चव वर्णाच्या उतरंडीत मुरलेली आहे. गोरेपणाच्या क्रीमला आपण निदान आता उघडपणे नावं ठेवतो. सरळ केसांची बाटली त्याच फळीवर, तिच्या शेजारीच उभी असते.

दुसरं म्हणणं, सांभाळायला सोपं. इथे थोडं थांबावं लागेल, कारण सांभाळणं म्हणजे काय हेच आपल्या घरांत कुणी शिकवलेलं नाही.

केस कुरळा का असतो? केसाचं मूळ ज्या खोबणीत असतं ती सरळ केसांत सरळ असते, कुरळ्या केसांत वाकलेली असते. केस वाढतानाच वळत वर येतो. त्याचा छेद गोल नसतो, चपटा, लंबगोल असतो. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून सहज खाली ओघळतं. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडतं. म्हणून टोकं कोरडी राहतात, म्हणून ती हवेतली ओल शोषून फुलतात. हा आजार नव्हे. ही एक वेगळी जात आहे आणि तिची निगा वेगळी आहे. आपण काय करतो? सरळ केसांचे सगळे नियम कुरळ्या केसांवर लादतो. कोरडे असताना बारीक दातांच्या फणीनं विंचरतो, म्हणजे प्रत्येक वळण ओढून मोडतो. खरखरीत टॉवेलनं घासतो. रोज साबण-शाम्पू लावून उरलंसुरलं तेल काढतो. मग केस पिंजारले की म्हणतो, बघा, हे केसच वाईट. आंब्याच्या झाडाला भाताइतकं पाणी घालून ते कुजलं, म्हणून आंब्याला नाव ठेवण्यातला हा प्रकार आहे.

माझ्या आजीनं कुठलंही पुस्तक वाचलं नव्हतं. ती ओल्या केसांत रुंद दातांची लाकडी फणी घालायची, टोकांकडून मुळांकडे, एकेक गुंता बोटांनी सोडवत. जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं केस दाबून पाणी टिपायची, घासायची नाही. खोबरेल हातावर चोळून टोकांना लावायची आणि केस आपोआप वाळू द्यायची. आज कुरळ्या केसांची निगा शिकवणाऱ्या मुली कंडिशनर, सुती टी-शर्ट आणि बोटांनी विंचरणं सांगतात. गाभा तोच आहे. माझा स्वतःचा हिशेब सांगते. आठवड्यातून दोनदा न्हाणं, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास, बाकीचे दिवस मी केसांना हातही लावत नाही. उलट बाजूचा हिशेब मांडा : रिबाँडिंगला एका बैठकीत चार-पाच तास. त्यानंतर दोन-तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे अडकवायचेसुद्धा नाहीत. मग खास शाम्पू, खास सीरम. मग पुन्हा टच-अपची तारीख. यात सोपं काय झालं?

आता रसायन. पाण्यानं आणि इस्त्रीनं केस सरळ होतो तो तात्पुरता, कारण त्यात केसातले हलके हायड्रोजन बंध तुटतात आणि पुन्हा पाणी लागलं की जुन्या जागी जोडले जातात. कायमचं सरळ करायचं तर केराटिनमधले गंधकाचे बंध तोडावे लागतात. केसाला बळ येतं ते त्याच बंधांतून. थायोग्लायकोलेट ते तोडतं. मग 180 ते 230 अंश सेल्सिअस तापलेल्या पट्टीनं केस ताणतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बंध नव्या, सरळ जागी जोडतात. सगळे बंध पुन्हा जुळत नाहीत. जे सुटे राहतात तेवढी केसाची ताकद गेली. पाणी शंभर अंशाला उकळतं, आणि आपण त्याच्या दुप्पट तापमानाची पट्टी मुलीच्या टाळूपासून दोन बोटांवर फिरवू देतो. याला निगा म्हणायचं?

तिसरं म्हणणं, की हल्लीच्या औषधात काही नसतं, केराटिन म्हणजे प्रोटीनच. ही समजूत सगळ्यांत धोक्याची, म्हणून तिच्यावर सगळ्यांत जास्त बोलायला हवं.

बाटलीतलं केराटिन केस सरळ करत नाही. सरळ करतं ते त्याच्यासोबतचं रसायन आणि उष्णता. अनेक केराटिन उपचारांत ते रसायन फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडणारं असतं. पार्लरमध्ये डोळ्यांतून पाणी येतं, घसा खवखवतो, ते याच वासानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. 2011 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशाच एका नावाजलेल्या उत्पादनाच्या कंपनीला ताकीद दिली. लेबलवर फॉर्मल्डिहाइड नाही असं लिहिलेलं होतं आणि बाटलीत मेथिलीन ग्लायकोल, म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच होतं. तेव्हा लेबलवरच्या 'फ्री' या शब्दावर किती विसंबायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मग कंपन्यांनी ग्लायऑक्सिलिक आम्ल आणलं आणि हे सुरक्षित म्हणून विकलं. मार्च 2024 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक रुग्ण नोंदवली. सव्वीस वर्षांची तरुणी, आधीचा कुठलाही आजार नाही. 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वर्षं, तीन वेळा, तिच्या मूत्रपिंडाला अचानक इजा झाली, आणि तिन्ही वेळा ती त्याच दिवशी ट्युनिसच्या सलूनमध्ये केस सरळ करून आली होती. लावलेल्या क्रीममध्ये दहा टक्के ग्लायऑक्सिलिक आम्ल होतं. डॉक्टरांनी ते क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून बघितलं, तर त्यांच्या लघवीत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. टाळूवर लावलेलं टाळूवरच राहतं ही आपली समजूत मूत्रपिंडानं खोटी ठरवली.

ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 33,497 बायकांचा जवळजवळ अकरा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 378 जणींना गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. ज्यांनी केस सरळ करणारी रसायनं कधीच वापरली नव्हती, त्यांच्यात सत्तराव्या वर्षापर्यंत हा आजार होण्याचं प्रमाण 1.64 टक्के. ज्यांनी वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरली, त्यांच्यात 4.05 टक्के. मला घाबरवायचं नाही, म्हणून नेमकं सांगते : हा संबंध आहे, कार्यकारणाचा शेवटचा पुरावा नव्हे, या अभ्यासात कुठल्या बाटलीत काय होतं याची नोंद नव्हती, आणि लग्नाआधी एकदाच केलेल्या रिबाँडिंगला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण ज्या घरात एकीनं "काय होणार आहे?" असं विचारलं, तिथे "काय होऊ शकतं?" याचं उत्तर मुलीच्या कानावर घालणं हे मोठ्यांचं काम होतं. त्या संध्याकाळी ते कुणी केलं? बाटलीवर काय लिहिलंय हे वाचायला कुणी मागितलं? आपण वाण्याकडून डाळ घेताना खडे बघतो. मुलीच्या टाळूवर काय ओततात हे बघत नाही.

यात पार्लरमधल्या मुलीही येतात, आणि त्यांना मी विसरणार नाही. भाचीला तो धूर सहा महिन्यांतून एकदा मिळेल. उपचार करणारी मुलगी तो रोज घेते, बंद काचेच्या खोलीत, बहुतेकदा मास्क न लावता. आपल्या एका फोटोसाठी तिच्या छातीत काय जमा होतं, याचा हिशेब कुठल्या बिलात लिहिला जातो?

चौथं म्हणणं, एकदा करून टाक म्हणजे सुटशील. सुटका होत नाही, कारण केस मेलेला असतो आणि मूळ जिवंत असतं. रसायन केसाला बदलतं, मुळाला नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन महिन्यांत मुळाशी तीन सेंटिमीटर कुरळे केस आणि खाली सरळ पडदा. सहा महिन्यांत तो जोड आरशात लपत नाही, आणि नेमका तिथेच, दोन स्वभावांच्या सांध्यावर, केस सर्वांत जास्त तुटतो. म्हणून टच-अप. म्हणून पुन्हा सहा महिन्यांनी टच-अप. चोविसाव्या वर्षी एकदा 'हो' म्हटलं की तीस, पस्तीस, चाळीस वयापर्यंत, बाळंतपणानंतर केस गळायला लागले तरी, हा 'हो' वर्षातून दोनदा भरावा लागतो. थांबायचं ठरवलं तर दोन पर्याय : दोन रंगाढंगांचे केस वर्षभर मिरवायचे किंवा ते कापायचे. हे करून टाकणं नव्हे, हे मागे लावून घेणं आहे.

पाचवं म्हणणं, लग्नापुरतं किंवा मुलाखतीपुरतं. लग्नाचं आधी. फोटोत सरळ केस बघून ज्यानं होकार दिला, तो सहा महिन्यांनी खरे केस बघणारच आहे. मग तेव्हा सासरच्या माणसांनी "आधी असे नव्हते" म्हणायचं, आणि मुलीनं पुन्हा पार्लरची वाट धरायची? पहिल्या फोटोतच लपवालपवी करून ज्या घरात जायचं, त्या घरात डोक्यावरचा रुमाल कधी काढायचा? स्थळ बघताना आपण पत्रिका बघतो, रक्तगट विचारतो, पगाराची पावती मागतो. मुलीचे केस मात्र खोटे दाखवायला आपली हरकत नसते. मी तर म्हणते, जो मुलगा किंवा जी सासू कुरळ्या केसांवरून नकार देते, तो नकार साखरपुड्याआधी मिळाला हे त्या मुलीचं भाग्यच.

मुलाखतीचं म्हणाल तर ज्या कचेरीत बाईच्या कामापेक्षा तिच्या केसांचा पोत तपासला जातो, त्या कचेरीला मुलींनी बदलायचं की मुलींनी स्वतःला? आता पडद्यावरही बदल झाला आहे. 'मुरांबा'ची नायिका मिथिला पालकर आपल्या कुरळ्या केसांसकट मराठी आणि हिंदी दोन्हीकडे उभी राहिली आणि प्रेक्षकांनी तिला त्या केसांसकटच आपलं म्हटलं. कॅमेऱ्याला जे चाललं ते वधूवर सूचीतल्या पासपोर्ट आकाराच्या फोटोला का चालू नये?

आणखी एक गोष्ट, जी आमच्या ग्वाल्हेरकरांनी तरी ऐकावी. मे-जूनमध्ये इथे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, लू सुटते, दुपारी इंदरगंजचा चौक ओस पडतो. 2023 मध्ये टीना लासिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर सरळ, थोडे कुरळे आणि दाट कुरळे केस घालून कृत्रिम उन्हात मोजलं. उन्हाची उष्णता डोक्यापर्यंत पोहोचू न देण्यात दाट कुरळे केस सगळ्यांत सरस ठरले. ज्याला आपण निसर्गाची चूक म्हणून पार्लरमध्ये दुरुस्त करायला नेतो, त्यानं उन्हात आपल्या पूर्वजांचं डोकं शाबूत ठेवलं असावं.

आता शेवटचं अस्त्र : तिची मर्जी. याचं उत्तर मी सगळ्यांत जपून देते, कारण इथे माझ्या बाजूनंही चूक होऊ शकते. सगळं माहीत असलेल्या, सज्ञान बाईनं स्वतःच्या आनंदासाठी केस सरळ केले तर तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तिला रागावणं म्हणजे पुन्हा तिच्या डोक्यावर आपलाच हात ठेवणं. एवढं मी मान्य करते. पण त्या संध्याकाळी माझ्या भाचीच्या 'हो'ला मर्जी म्हणायचं का? बारा वर्षं रोज जिला झिपरी म्हटलं, जिच्या केसांना चांगलं म्हणणारं कुणी घरात नव्हतं, जिला बाटलीत काय आहे हे सांगितलं नाही, टच-अपचा हिशेब सांगितला नाही, कुरळे केस कसे सांभाळायचे हे शिकवलं नाही, तिच्यापुढे एकच दार उघडं ठेवून ती त्यातून गेली की "तिनंच निवडलं" म्हणायचं. निवड दोन रस्त्यांत होते. एकच रस्ता दाखवून मागितलेला होकार हा होकार नसतो.

आपल्या समाजाला बाईच्या केसांवर हुकूम चालवायची जुनी सवय आहे. विधवेचं केशवपनही "तिच्याच इच्छेनं" आणि "तिच्याच पुण्यासाठी" होत असे. हरी नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधल्या यमूचं काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, तेव्हा त्या कामगारांनी धर्ममार्तंडांना एक साधी गोष्ट दाखवली : डोकं तिचं आहे. रिबाँडिंग म्हणजे केशवपन असं मी म्हणत नाही. तो क्रूरपणा वेगळा, त्याची बरोबरी कशाशीच करू नये. पण बाईच्या डोक्यावर काय असावं हे आधी घरानं ठरवायचं आणि मग तिच्या तोंडून ते वदवून घ्यायचं, ही सवय तीच आहे. वस्तरा गेला. सवय गेलेली नाही.

भाचीनं विचारलं तेव्हा मी तिला करू नको असं सांगितलं नाही. मी खोलीतल्या बाकीच्यांना म्हटलं, की आधी तुम्ही सांगा, या केसांत वाईट काय आहे. "बरं दिसत नाही" यापलीकडे एकही कारण निघालं नाही. मग मी भाचीला म्हटलं, त्या पार्लरमधल्या बाईकडून बाटलीचं नाव घे, त्यावरचं सगळं वाच, टच-अपचा दहा वर्षांचा खर्च मांड, आणि त्याआधी तीन महिने माझ्याकडून हे केस सांभाळायला शीक. तीन महिन्यांनी तुला जे हवं ते कर. तेव्हा मी पार्लरपर्यंत तुझ्यासोबत येईन आणि एक शब्द बोलणार नाही.

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी प्रत्येक मराठी घराला करते. बदल मागणाऱ्यानं कारण द्यावं. आहे तसं राहणाऱ्या मुलीकडून कारण मागू नये. तिला 'झिपरी' म्हणणं आजपासून थांबवा. घरात रुंद दातांची एक फणी आणून ठेवा आणि ती कशी वापरायची ते आठव्या वर्षी शिकवा, चोविसाव्या वर्षी पार्लरचा पत्ता देण्याऐवजी. ज्या जावळाचे मुके घेतलेत, त्याच केसांना ती मोठी झाल्यावर परकं करू नका. वळण लावायचंच असेल तर आधी आपल्या जिभेला लावा. मुलीच्या केसांना ते जन्मतःच आहे, आणि तुम्ही कितीही ताणलंत तरी दर महिन्याला मुळाशी एक सेंटिमीटर ते परत येणार आहे.